उजवीकडच्या चुका

२५ नोव्हेंबर, सोमवार

प्रॉम्प्टिंगवरून आज मला काढलं. अनिमेष सरांनी 'काढलं' हा शब्द वापरला नाही. ते म्हणाले, "मैत्रेयी, परवापासून तू फॉलो स्पॉट सांभाळ." पण कारण मला माहीत आहे. इंदूताई वाक्याच्या मध्येच थांबतात तेव्हा त्या विसरलेल्या नसतात, नुसत्या थांबलेल्या असतात, आणि मी दर वेळी घाईनं पुढचा शब्द पुरवते. गेल्या आठवड्यात असं सात वेळा झालं. सातही चूकवहीत आहेत.

माझं नाव इंदूताईंनीच सुचवलं. "हिच्या हातात द्या तो दिवा. ही एकदा बघायला लागली की बघतच राहते." सगळे हसले. मीही हसले. टोमणाच होता, पण बोलण्यात राग नव्हता.

नाटक सरांनी लिहिलंय आणि तेच बसवतायत. एका म्हाताऱ्या सुईणीला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका बाळंतपणाबद्दल कोर्टात साक्ष द्यायची असते. सुईण इंदूताई. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि आमच्या संस्थेत चाळीस वर्षं काम करतात. स्पर्धा बारा जानेवारीला, नगरच्या नाट्यगृहात.

२७ नोव्हेंबर, बुधवार

भिंगारच्या ज्या शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम चालते तिथे आज वैजनाथकाका टेम्पोतून फॉलो घेऊन आले. ते शेवगावचे, दिवे भाड्यानं देतात. बाकीच्या दिव्यांच्या डिमरवर ते स्वतः बसणार, त्यामुळे फॉलोला दुसरं माणूस हवं. हॉलच्या मागच्या टोकाला चार बाकं जोडून त्यावर मशीन चढवलं. मी त्यामागे उभी.

पत्र्याची लांबट पेटी, मजबूत तिपाईवर बसवलेली. आत दिवा, पुढे भिंग, मागे मूठ. वर दोन खटके. एक आयरिसचा, त्यानं प्रकाशाचा गोल लहानमोठा होतो. दुसरा शटरचा. आतला दिवा सारखा चालूच असतो, शटर फक्त त्याच्यावर पापणी मिटतं. पुढच्या बाजूला रंगीत जिलेटिनच्या चार चौकटी.

"बाकीचे दिवे भिताडासारके," काका म्हणाले. "एकदा बांदले की बांदले. ह्यो एकलाच जिता हाय. ह्याला मानूस लागतो."

मी मूठ धरून वळवून पाहिली. गोल थरथरत पडद्यावरून गेला.

"हातानं न्हाई. कमरंतून वळ. हात दमला की दिवा कापतो, अन् दिवा कापला की लोकानला वाटतं बाईच कापती."

मशीनवर त्यांनी सायकलची तार उभी करून टोकाला मणी चिकटवला आहे. तो नेम. अंधारात, शटर उघडण्याआधी, मणी माणसावर धरायचा. उघडल्यावर शोधाशोध केली की अख्ख्या प्रेक्षागृहाला कळतं की वरचं माणूस डुलक्या काढत होतं.

मग नियम सांगितला. मी तो त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला: "मान्साच्या म्होरं जायचं न्हाई अन् मागं ऱ्हायचं न्हाई. उजेडाचा मधला भाग छातीवर टेकला पायजे, पावलं आत पायजेत. लोकानला दिवा दिसाया लागला की समज आपन चुकलो. त्यानला बाई दिसली पायजे."

"पण त्या कधी निघणार हे मला आधी कसं कळणार?"

"मानूस निगायच्या आदी सांगतो की. वजन बदलतो. खांद्याकडं बघ, मास्तरीनबाई, वहीत काय बघती?"

१ डिसेंबर, रविवार

पहिली तालीम दिव्यासह. चार चुका.

एक सोय मात्र सापडली. इंदूताई माझ्या उजवीकडे जायला निघतात तेव्हा आधी मान पूर्ण त्या बाजूला वळवतात, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. डावीकडे जाताना असं करत नाहीत. त्या एका मान वळवण्यात मला तयार व्हायला पुरेसा वेळ मिळतो. जुन्या नटांची ही पद्धत असावी. आपल्याबरोबर काम करणाऱ्याचा केवढा विचार.

५ डिसेंबर, गुरुवार

आज सहा.

चूकवहीबद्दल इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही कुणी वाचणार नाही. मला लहानपणी दमा होता म्हणून चौथीपर्यंत शाळेत घातलंच नाही. आजोबांनी घरी शिकवलं. आजोबा म्हणजे मार्तंड गुरुजी. भिंगारमध्ये निम्म्या लोकांना त्यांनी संस्कृत शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांची लग्नं लावलीत. त्यांच्या वडिलांपासून आमच्याकडे प्रत्येकाची एक चूकवही असते. तीन रकाने: तारीख, चूक, कारण. खोडायचं नाही. कारण लिहिल्याशिवाय जेवायचं नाही. शेवटचा नियम आता मोडलाय, पण मला अजून जेवण जात नाही.

आजच्या सहा अशा. इंदूताई स्टुलाला अडखळल्या, दिवा उशिरा पोचला. साक्षीच्या कठड्याच्या दोन पावलं आधीच थांबल्या, दिवा कमी पडला असणार. सोबत काम करणाऱ्या मधुवंतीताईनं पुढे केलेला तांब्या त्यांनी घेतलाच नाही, तो उजेडाच्या कडेला राहिला असणार. तीन वेळा विंगेत जाताना कापडाला खांदा लागला.

सहाही ठिकाणी कारण: मी.

सहाही माझ्या उजव्या बाजूला. माझं उजवीकडचं वळण कच्चं आहे.

७ डिसेंबर, शनिवार

गच्चीवर संध्याकाळी टॉर्चनं सराव केला. चालायला कुणी नव्हतं म्हणून आजोबांनाच म्हटलं, इकडून तिकडे जा. त्र्याऐंशी वर्षांचे आजोबा उपरणं सावरत आठ वेळा गेले.

"मी काय तमाशातला राजा आहे का?"

"आजोबा, खाली बघू नका. नेहमीसारखे चाला."

"नेहमी माझ्यावर कुणी उजेड पाडत नाही."

आठही वेळा दिवा त्यांच्या छातीवर राहिला. उजवीकडे जातानाही. म्हणजे घरी जमतं आणि तिथे जमत नाही. घाबरते म्हणून. कारण: मी.

१० डिसेंबर, मंगळवार

तालमीत बारीकसारीक बदल. उजवीकडचा स्टूल सरांनी काढायला लावला. गेले दोन महिने तो हवाच होता, आज म्हणाले, "डोळ्यांना टोचतोय." कठडा चार बोटं पुढे सरकवला आणि त्याच्यामागच्या फळीच्या कडेला सुताराकडून पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून घेतला. शोभेसाठी असेल. मला तरी त्यात शोभा दिसली नाही.

मधुवंतीताई वकिलीण आहे नाटकात. तिनं काचेच्या बांगड्या घालायला सुरुवात केलीय, डझनभर. वकिलीण एवढ्या बांगड्या घालेल का? शिवाय उजव्या विंगेत उभी राहून ती त्या सारख्या वाजवते. नेमकं इंदूताई विंगेकडे निघाल्या की. तालमीनंतर मी हळूच म्हटलं, "ताई, आवाज मागेपर्यंत येतो."

"येतो ना? मग बरंय," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी बोलायला नको होतं. चूकवहीत लिहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

शेवगावहून आत्ताच आले.

रंगीत तालीम म्हणून तिथल्या एका मंगल कार्यालयात प्रयोग होता. स्टेज आमच्या तालमीच्या जागेपेक्षा अरुंद. कठडा ठेवल्यावर त्याच्यापलीकडे जेमतेम दीड हात फळी, मग सरळ खाली फरशी. चार फूट तरी असेल. पांढरा पट्टा तिथे नव्हता. रविवार असल्यानं गर्दी बरी होती. बाजार समितीतली मंडळी बायकामुलांसह आली होती.

शेवटचा प्रवेश असा: सगळे दिवे जातात. फक्त फॉलो. इंदूताई माझ्या डावीकडच्या खुर्चीतून उठतात आणि एकट्या अख्खं स्टेज ओलांडून उजवीकडच्या साक्षीच्या कठड्यात येतात. पंधरा पावलं. बोलणं नाही, संगीत नाही. लोकांना फक्त त्यांचं चालणं दिसतं. सर म्हणतात नाटक तिथेच आहे, बाकीचं सगळं त्या पंधरा पावलांसाठी.

त्या उठल्या. गोल छातीवर, पावलं आत. काकांनी शिकवलं तसं. चेहरा छान उजळला होता. बारा, तेरा, चौदा, पंधरा. कठडा आला. त्या थांबल्या नाहीत.

कठड्याच्या पुढून त्या पलीकडे जाऊ लागल्या, चेहरा उंच, डोळे उघडे, अगदी शांत. मला त्यांच्यामागे दिवा न्यायचा होता. नियम तोच आहे. माझा हात हललाच नाही. दिवा कठड्यावर थांबला आणि इंदूताई उजेडातून बाहेर अंधारात गेल्या.

एक पाऊल. मग थांबल्या. वळल्या, कठड्याकडे पाहिलं, परत उजेडात आल्या आणि लाकडावर दोन्ही हात ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साक्ष द्यायला घाबरलेली सुईण पळून जाणार होती आणि परत आली.

प्रयोगानंतर सर माझ्याकडे आले. कपाळावर घाम होता. "तू दिवा का थांबवलास?"

"माहीत नाही, सर. हात अडला."

ते बाकावर बसले, पाणी मागितलं. मग म्हणाले, "बरं."

कलाकाराला अंधारात सोडलं. आजवरची सगळ्यात मोठी चूक. कारण: मी.

१६ डिसेंबर, सोमवार

काल टेम्पोत सामान भरताना चूकवही मशीनच्या खोक्यात राहिली. आज वैजनाथकाका ती द्यायला भिंगारला आले. आजोबांना नमस्कार केला, चहा घेतला, आणि आजोबा आत गेल्यावर वही माझ्यापुढे ठेवली.

"वाचली म्या. रागवू नगंस."

मला रडू येईलसं झालं. आजोबांशिवाय ती कुणी वाचलेली नाही.

"ह्यात तुज्या बेचाळीस चुका हायती, फॉलोच्या. बेचाळीसच्या बेचाळीस उजवीकडं."

"हो. माझं ते वळण—"

"तुजं वळन झ्याक हाय. म्या तीस वर्सं पोरं बगितली. कच्च्या हाताचा मानूस दोन्हीकडं चुकतो. एकाच अंगाला कोन चुकत न्हाई." त्यांनी कप बशीत ठेवला. "मला सांग, तू स्टेजकडं तोंड करून उबी. बाई तुज्याकडं तोंड करून. तुजी उजवी म्हंजी तिची कोनती?"

मी मनात उभी राहिले, मग इंदूताईंच्या जागी उभी राहिले.

"डावी."

"मंग ही वही तुजी न्हाईच," काका म्हणाले. "ही तिची हाय."

ते गेल्यावर मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. स्टूल. तांब्या. कापड. हनुवटी खांद्याला लागेपर्यंत वळवलेली मान. मी तिला सोय म्हणाले होते.

१८ डिसेंबर, बुधवार

केडगावला गेले, इंदूताईंच्या घरी. जाताना रिक्षात ठरवलं होतं की विचारायचं नाही, फक्त बसून यायचं. त्यांनी चहा केला. कपात ओतताना काठाच्या आत बोट धरलं आणि चहा बोटाला लागल्यावर थांबल्या. डाव्या बाजूला ठेवलेली साखर मान फिरवून शोधली. फ्रिजवर डोळ्यांच्या थेंबांच्या तीन बाटल्या.

मी काही बोलत नाही हे पाहून त्याच म्हणाल्या, "शेवगावला दिवा मुद्दाम थांबवलास?"

"नाही. घाबरले."

"छान घाबरलीस."

मग सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्याची कडेची नजर जातेय, मधली शाबूत आहे. थेंबांनी आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. डॉक्टरांनी रात्री एकटीनं जिने चढू-उतरू नका म्हणून सांगितलंय. स्टेजचं त्यांनी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

"सर्वांत वाईट काय माहितीये? तुझा दिवा. तू नियमानं माझ्या छातीवर धरतेस, चेहऱ्यावर येतो, आणि समोर सगळं पांढरंफटक. त्या दिवशी मी तुझ्या उजेडातून बाहेर पडले तेव्हा कुठे मला कठडा दिसला."

म्हणजे मी जितकी नीट काम करत होते तितक्या त्या आंधळ्या होत होत्या. हे मी त्यांना म्हटलं नाही.

"एक करशील?" त्या म्हणाल्या. "माझ्या पुढे चाल. हातभर. उजेड माझ्या पायापुढच्या फळीवर पाड. मी त्याच्यामागून येते. मी थांबले की मग अंगावर घे."

"पण तो नियम—"

"नियम वैजनाथचा आहे, मला ठाऊक आहे. मी चाळीस वर्षं त्या नियमात उभी आहे." मग म्हणाल्या, "अनिमेषला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो मला खुर्चीत बसवून साक्ष द्यायला लावेल, नाहीतर मधुवंतीच्या हाताला धरून चालवेल. सुईण एकटी चालत जाते म्हणून तर ते नाटक आहे. आणि हे माझं शेवटचं. एवढं एक मला पायांवर करायचंय."

मी म्हटलं, "इंदूताई, मी खोटं बोलणार नाही. सरांनी विचारलं तर सांगेन. विचारलं नाही तर सांगणार नाही. पण मला एकदा जरी वाटलं की तुम्ही पडाल, तर दिवा बंद करेन आणि ओरडेन."

"मार्तंड गुरुजींची नात शोभतेस," त्या म्हणाल्या. "एवढ्या अटी तर लग्नाच्या याद्या करताना पण नसतात. चालेल."

निघताना विचारलं, माझंच नाव का सुचवलंत.

"सांगितलं होतं की तेव्हाच. तू बघायला लागलीस की बघतच राहतेस. मला तेवढंच हवं होतं."

२२ डिसेंबर, रविवार

पुढे चालणं हे मागे चालण्यापेक्षा कितीतरी अवघड. मागे जायला खांदा बघायचा असतो. पुढे जायला त्यांचं पाऊल कुठे पडेल ते त्यांच्याआधी ठरवावं लागतं. फार पुढे गेलं तर इंदूताई अंधारात, लोकांना नुसती फळी दिसते. कमी पडलं तर पुन्हा डोळ्यांवर. आयरिस थोडा मोठा ठेवला. गोलाचा मागचा निम्मा भाग त्यांच्यावर, पुढचा निम्मा जमिनीवर. थांबण्याच्या जागी दिवा आधी जाऊन थांबतो, त्या आत येतात, मग मी तो सावकाश वर घेते.

वैजनाथकाका डिमरवरून बघत होते. तालमीनंतर वर आले.

"तीस वर्सांत मान्साच्या म्होरं गेलेलो न्हाई म्या."

"काका, तुम्हीच तर म्हणालात ती वही तुझी नाही."

"म्हनालो. पन परीक्षक मार्क कापतील, अन् नाव माजं लागंल. शेवगावचा वैजनाथ, त्येचा फॉलो पळतो म्हनतील." थोडा वेळ तिपाईशी खुडबुड केली. घट्ट वळणारा स्क्रू तेल घालून सैल केला, मुठीच्या बाजूला छोटं वजन बांधलं. "आता हलक्या हातानं जाईल. म्होरं जायचंच तर निदान कापू नगंस."

२४ डिसेंबर, मंगळवार

ज्याची भीती होती ते झालं. सरांनी तालीम थांबवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मैत्रेयी, लाईट पुढे का जातोय?"

इंदूताई स्टेजवर अगदी स्थिर उभ्या होत्या.

मी म्हटलं, "मी मुद्दाम नेतेय, सर."

हे खरं होतं. पुढचा प्रश्न 'का' असणार होता आणि त्याचं उत्तरही मी खरंच दिलं असतं. मी मूठ घट्ट धरून थांबले.

सर म्हणाले, "बरं. मग कठड्यापाशी एक मोजणं आधी थांबव," आणि पुढचं वाक्य घ्यायला सांगितलं.

विचारलंच नाही. दिग्दर्शक माणूस असं कसं सोडून देतो? इतक्या चांगल्या माणसापासून मी काही लपवतेय याचं दिवसभर ओझं वाटलं.

३ जानेवारी, शुक्रवार

झोप नीट नाही. एकीकडे वाटतं मी एका वयस्क बाईला चार फुटांच्या कडेकडे घेऊन जातेय, आणि तिला तेच हवंय म्हणून ते बरोबर ठरत नाही. उलट वाटतं की शेवगावला त्या जवळपास पडल्या होत्या तेव्हा मी नियम पाळत होते. दोन्ही खरं आहे. नगरच्या नाट्यगृहात स्टेज रुंद आहे, कठड्यापलीकडे सहा हात जागा आहे, हे मी काल स्वतः जाऊन पावलांनी मोजून आले. तिथेही सुतार माझ्याआधी येऊन पांढरा पट्टा मारून गेला होता. सरांचं शोभेचं वेड.

आजोबांना विचारलं, "जाणूनबुजून केलेली गोष्ट चूकवहीत लिहायची का?"

ते गीतेचं पान मिटून म्हणाले, "चूक नकळत होते. कळून केलेल्या गोष्टीला वेगळी वही लागेल."

"ती कुठली?"

"आमच्या वडिलांनी एकच घालून दिली," ते म्हणाले. "मला कधी सुचलं नाही."

१२ जानेवारी, रविवार

प्रयोग झाला. जसा झाला तसा लिहिते.

फॉलो बाल्कनीत होता. तिसरी घंटा झाली तेव्हा मणी दिसेनासा झाला, इतके डोळे भरले होते. पुसले. घाबरण्याचं एवढंच.

पहिला अंक नीट. प्रत्येक वेळी इंदूताईंच्या आधी मी निघाले. दुसऱ्या अंकात एकदा मी डावीकडे फार पुढे गेले. त्या क्षणभर अर्ध्या उजेडात राहिल्या, पण चालल्या.

शेवटचा प्रवेश. काकांनी बाकीचे दिवे घालवले. मी मणी खुर्चीवर धरला, शटर उघडलं. त्या बसल्या होत्या. मी गोल त्यांच्या पावलांपुढे उतरवला आणि वाट पाहिली. त्यांनी खाली फळीवरच्या उजेडाकडे पाहिलं, एखादी ओळखीची गोष्ट पाहावी तसं, आणि उठल्या.

एक, दोन, तीन. मी पुढे, त्या मागे. आठव्या पावलाला त्या थांबल्या. हे ठरलेलं नव्हतं. माझा दिवा हातभर पुढे रिकाम्या फळीवर एकटाच उभा. मागे यावं का? मी खांद्याकडे पाहिलं. वजन पुढच्या पायावर होतं. मी तिथेच थांबले. अख्खं प्रेक्षागृह त्या रिकाम्या उजेडाकडे आणि त्याच्या काठावर उभ्या असलेल्या बाईकडे बघत होतं. मग त्यांनी हात पुढे केला, बोटं उजेडात धरली आणि पाऊल टाकलं.

तेव्हा मला आवाज आला. बाल्कनीपर्यंत आला म्हणजे पाहा. कठड्यापलीकडच्या विंगेतून, अगदी बारीक, बांगड्यांचा.

त्या प्रवेशात मधुवंतीताईचं काही काम नाही. तिनं त्या वेळी ग्रीनरूममध्ये असायला हवं.

दहा, अकरा. बांगड्या. बारा. मी कठड्यापाशी एक मोजणं आधी थांबले, सरांनी सांगितलं होतं तसं. तेरा, चौदा, पंधरा. त्या उजेडात आल्या, लाकडावर दोन्ही हात ठेवले आणि मी दिवा सावकाश त्यांच्या चेहऱ्यावर नेला. त्या बोलू लागल्या.

पडदा पडल्यावर मी बाल्कनीतच बसून राहिले. बांगड्या. पांढरा पट्टा. डोळ्यांना टोचणारा स्टूल. 'एक मोजणं आधी थांबव.' खाली जाऊन सरांना विचारावंसं वाटलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? पण मी विचारलं असतं तर त्यांनीही मला विचारलं असतं, आणि मग मला खरं सांगावं लागलं असतं. म्हणून ते विचारत नव्हते. म्हणून मीही विचारलं नाही.

विंगेत इंदूताई मधुवंतीताईला म्हणत होत्या, "काय गं त्या बांगड्या, सारखी किणकिण. वकिलीण आहेस की नवरी?"

"सवय हो, ताई," ती म्हणाली.

१८ जानेवारी, शनिवार

निकाल. आमचं नाटक दुसरं. अभिनयाचं रौप्यपदक इंदूताईंना. सरांनी हॉलमध्ये परीक्षकांचा शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. अभिनयाबद्दल चार ओळी होत्या, शेवटच्या चालण्याबद्दल दोन: 'उजेडात शिरण्यापूर्वीचा थांबा विलक्षण.' मग प्रकाशयोजना: 'उत्तम. मात्र फॉलो स्पॉट किमान दहा वेळा कलाकाराच्या पुढे गेला. चालकाला अधिक सरावाची गरज आहे.'

 वैजनाथकाका छताकडे बघत होते.

"शिकेल हळूहळू पोरगी," इंदूताई म्हणाल्या.

"शिकंल की," काका म्हणाले. "लई चुकती, पन शिकंल."

सरांनी कागदाची घडी घातली. माझ्याजवळून जाताना थांबले. "वहीत लिहिणार असशील."

"हो, सर."

"लिही. पण त्यांचा आकडा लिहू नकोस. त्यांनी नीट मोजलेलं नाही."

घरी आल्यावर चूकवही उघडली. आकडा मला पाठ होता. तारीख लिहिली, बारा जानेवारी. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: फॉलो कलाकाराच्या पुढे, एकतीस वेळा.

तिसऱ्या रकान्यापाशी थांबले. वरच्या बेचाळीस ओळी पाहिल्या. प्रत्येकीपुढे एकच शब्द, आणि तो एकदाही बरोबर नव्हता. खोडायचं नसतं, म्हणून खोडला नाही.

मग त्यांच्याखाली तोच लिहिला. कारण: मी.

या वेळी ते खरं आहे.